घंटेपुढे वाकणारे दिवे

त्या बगळ्याला कामावर ठेवलं हीच मोठी चूक झाली, असं चांगुणाबायचं ठाम मत होतं. आणि चांगुणाबायचं मत एकदा ठाम झालं, की झुलवाडीत भरतीसुद्धा तिला विचारून येते, असं लोक म्हणायचे.

"दिवसभर बघावं तर टाकीच्या काठावर एका पायावर उभा. जसं काही मोठं तपच चाललंय! आणि ऐन दिवेलागणीला, जेव्हा खरी राखण करायची, तेव्हा हा मान टाकून झोपतो. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोज! अगं, माणसाची झोप समजते, माणूस राबतो. लोखंडाला कसली गं झोप?"

हे ती ऐकवत होती आपल्या नातीला, दहा वर्षांच्या शलाकाला. पण आवाज असा लावला होता की बगळ्याच्या कानावर नीट पडावा.

बगळ्या हा काही पक्षी नव्हता. तो यंत्रमानव (माणसासारखं बघणारं, विचार करणारं आणि काम करणारं यंत्र) होता. एकच जाड पोलादी पाय, दोन बारीक हात, वर लांब मान, आणि मानेच्या टोकाला दोन पिवळे दिवे, तेच त्याचे डोळे. तो तसाच पाण्याच्या कडेला उभा राहायचा म्हणून वाडीतल्या मुलांनी त्याला बगळ्या म्हटलं. चांगुणाबायला ते नावही पटलं नव्हतं. "मासे राखायला बगळा! अकलेचा काय दुष्काळ पडला होता का?"

झुलवाडी समुद्रावर तरंगत होती. किनाऱ्यावरची जुनी कोळ्यांची वस्ती वाढत्या पाण्याने गिळली, तेव्हा लोकांनी हवा भरलेल्या मोठमोठ्या पिंपांवर नवी वस्ती बांधली आणि साखळदंडांनी समुद्राच्या तळाशी जखडून टाकली. भरती आली की अख्खी वाडी हळूच वळायची, ओहोटीला परत फिरायची. सकाळी ज्या खिडकीतून सूर्य उगवताना दिसायचा, त्याच खिडकीत कधी कधी तो मावळायलाही यायचा. इथे जन्मलेली पोरं कधी जमिनीवर गेली, तर तिथेच झोकांड्या खायची. "ही जमीन अशी मेल्यासारखी का पडून राहते?" असं विचारायची.

वाडीच्या अगदी पश्चिम टोकाला पिल्लघर होतं. तिथल्या काचेच्या टाकीत पापलेटची पिल्लं वाढत होती. पिल्लं कसली, पाण्यात टाकलेली चिमूटभर राईच. अंग काचेसारखं आरपार, दिसायचे ते नुसते डोळे. हजारो डोळे अधांतरी पोहत असायचे आणि खालून हवेचे बुडबुडे मोत्यांच्या सरीसारखे वर चढत राहायचे. जवळच्या समुद्रातून पापलेट कधीच नाहीसा झाला होता. तो परत आणायचा, हा चांगुणाबायने साऱ्या वाडीला दिलेला शब्द होता.

टाक्या दोन होत्या. आता एकच उरली होती. मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी होड्या मासळीने भरून आल्या, सगळी माणसं धक्क्यावर धावली, आणि इकडे एका टाकीचा हवेचा पंप बंद पडला. पंप बंद पडला तर बटण दाबून तो पुन्हा सुरू करायचा, हेच बगळ्याचं काम; एरवी तो झोपलेला असला तर जवळपासचं कोणीतरी येऊन बटण दाबायचं. पण त्या दिवशी जवळ कोणी नव्हतं, आणि बगळ्या जागा होईपर्यंत उशीर झाला होता. सकाळी पाण्यावर पांढरी साय धरली होती. ती साय म्हणजे मेलेली पिल्लं होती.

चांगुणाबायने ती साय स्वतःच्या हातांनी उपसली. ती रागावली की वाडीतली मांजरंसुद्धा दबकत चालायची. आज दुपारी तिने निकाल दिला: परवा सकाळी किराणा घेऊन मोठी होडी येईल, तिच्यातून बगळ्या किनाऱ्यावर जाईल. तिथे त्याला वितळवून टाका आणि त्याचे नांगर करा. "नांगर तरी झोपत नाही."

बगळ्याने शलाकाला तारे ओळखायला शिकवले होते. ती त्याच्या पायाशी जाऊन बसली.

"बगळ्या, खरं सांग. तू का झोपतोस?"

"मला ठाऊक नाही," बगळ्या म्हणाला. त्याचा आवाज रिकाम्या शंखातून यावा तसा होता. "माझ्या संध्याकाळच्या मधोमध एक भोक आहे, शलाका. भोकाच्या अलीकडचं आठवतं, पलीकडचं आठवतं. मधलं कोणीतरी कापून नेतं. झोपणाऱ्याला स्वतःची झोप कशी दिसणार?"

"मग मी बघते."

"बघ. माझ्या पोटावर ही काच आहे ना, तो व्होल्टमीटर (विजेचा दाब मोजणारं यंत्र). मला वीज याच भिंतीतून मिळते आणि पंपालाही. आत्ता काटा दोनशे तीसवर आहे. मी झोपेन तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, काट्याकडे बघ."

सूर्य पाण्याला टेकला. वाडीच्या मधोमध एका चौथऱ्यावर चांगुणाबाय चढली. तिथे एका मोडीत काढलेल्या जहाजाची पितळी घंटा टांगली होती. वाडी समुद्रावर आली त्या पहिल्या संध्याकाळी तिने ही घंटा वाजवली होती आणि सगळ्यांनी एकाच क्षणी आपापली यंत्रं सुरू केली होती. तेव्हापासून तोच रिवाज पडला. गोड्या पाण्याचा पंप, होड्या वर ओढणारा रहाट, बर्फ फोडायचं यंत्र आणि पास्कूच्या बर्फ कारखान्याचा अवाढव्य कॉम्प्रेसर (वायू दाबून थंडी तयार करणारं यंत्र), या चारही ठिकाणी माणसं बटणावर बोट ठेवून तिच्या घंटेची वाट बघायची. घंटेआधी सुरू करणं म्हणजे आगाऊपणा. घंटेनंतर सुरू करणं म्हणजे अपमान.

घंटा वाजली. टोला पाण्यावरून दूरवर पसरत गेला आणि त्याबरोबर वाडीतले सगळे दिवे हळूच मंदावले, लालसर झाले, मग सावकाश पुन्हा उजळले. मुलं म्हणायची, वाडीखाली एक म्हातारा देवमासा झोपलाय, तो रोज एकदा पापणी मिटतो. चांगुणाबाय यावर कधी काही बोलली नव्हती. पण तिच्या मनात पक्कं होतं, की दिवे तिच्या घंटेला मान तुकवतात. दिवसभरात तिला सगळ्यात आवडणारा क्षण हाच.

इकडे पिल्लघरात शलाकाने काटा कोसळताना पाहिला. दोनशे तीसवरून थेट दीडशेच्याही खाली! भिंतीवरच्या पेटीत टक् असा आवाज झाला. बुडबुड्यांचे सर तुटले. आणि बगळ्याची मान लुळी पडली.

काटा पुन्हा वर आला, दिवे उजळले, पण बुडबुडे परतले नाहीत. शलाकाने धावत जाऊन पंपाचं बटण दाबलं. मोती पुन्हा चढू लागले. बगळ्याला मात्र शुद्धीवर यायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आजीला हाताला धरून पिल्लघरात आणलं. चांगुणाबाय सुका जवळा निवडायचं सूप बरोबर घेऊनच आली आणि ते मांडीवर घेऊन बसली. रिकाम्या हातांनी कोणाचं ऐकत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आजी, बगळ्या आळशी म्हणतेस ना? मग पंपपण आळशी का? दोघं एकाच क्षणी पडले. आधी काटा पडला, मग हे दोघं."

"काटा कोणी पाडला?"

"तेच तर समजून घ्यायचंय!"

बगळ्याने मान वर केली. "बाय, जुन्या वस्तीत पाण्याचा एक लांब नळ होता ना? सगळ्यांत शेवटचं घर कोणाचं?"

"माझ्या सासूचं. वरच्या आळीतल्या बायांनी तोट्या उघडल्या की आमच्याकडे ठिबकायचं. काय काय ऐकवायची ती त्यांना!"

"विजेचंही तसंच. किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाने एक लांब केबल येते, तो आपला नळ. तिच्यातून वाहते ती वीज, आणि तिला ढकलतो तो दाब, म्हणजे व्होल्टेज. केबल वाहणाऱ्या विजेला थोडी अडवते, आणि त्या अडवणुकीत थोडा दाब खर्च होतो. वीज थोडी वाहिली तर थोडा दाब जातो. एकदम खूप वाहिली तर खूप जातो, आणि टोकाच्या घराला ठिबकत मिळतं. टोकाचं घर म्हणजे हे पिल्लघर."

"मग एकदम एवढी वीज पितं तरी कोण?"

"थांबलेली मोटार."

चांगुणाबायने नाक मुरडलं. "उलटं बोलतोस. थांबलेला काही खातो का? खातो तो चालणारा."

"वाळूत रुतलेली होडी आठवा, बाय. पहिला रेटा द्यायला किती माणसं लागतात? आणि एकदा घसरू लागली की?"

चांगुणाबायचा सुपातला हात थांबला. "पहिल्याला अख्खी आळी. मग दोन पोरं पुरतात."

"मोटारीला तसाच पहिला रेटा लागतो. आणि आणखी एक गंमत आहे. फिरणारी मोटार फिरता फिरता स्वतःच विजेचा एक उलटा दाब तयार करते, आणि येणाऱ्या विजेला बजावते, बस, एवढीच ये. थांबलेल्या मोटारीत हे बजावणारं कोणी नसतं. दार सताड उघडं. म्हणून मोठी मोटार सुरू होताना पहिले काही क्षण, नेहमी लागते त्याच्या सहापट वीज आत ओढते. तेवढ्यात सगळ्यांचा दाब पडतो. दिवे मंदावतात. मला माझं भान ठेवायला जेवढा दाब लागतो तेवढा मिळत नाही."

"आणि पंप?" शलाकाने विचारलं.

"त्या पेटीत काँटॅक्टर आहे (चुंबकाच्या ओढीने मिटून राहणारी कळ). दाब पडला की चुंबकाची पकड सुटते. टक्! आणि ती कळ पुन्हा आपोआप मिटत नाही, बटण दाबावं लागतं."

"मग तुझ्या पोटात एक बॅटरी घालू! तू जागा राहशील."

"मी राहीन. पण दवाखान्यातलं औषधांचं कपाट नाही राहणार, की होड्यांना वाट दाखवणारा दिवा नाही राहणार. दुखणं माझं एकट्याचं नाही गं. आता फक्त एवढंच बघायचं, की त्या चारही मोटारी एकाच क्षणी कशामुळे सुरू होतात."

बुडबुडे वर चढत होते, हजारो डोळे त्यांच्यामधून तरंगत होते. शलाकाने खाली मान घातली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "घंटेमुळे, आजी."

चांगुणाबायने सूप खाली ठेवलं. ती उठली आणि फळ्यांवरून चालत थेट कडेपर्यंत गेली. वाडी ओहोटीबरोबर वळत होती. दूर किनाऱ्याची रेघ धुक्यात कधी दिसे, कधी विरघळे. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपल्या एका टोल्याला सगळी वाडी नमस्कार करते. तो नमस्कार नव्हता. ती घेरी होती. वाडी रोज संध्याकाळी भुकेने डोळे फिरवत होती, आणि ती वर चौथऱ्यावर उभी राहून ते कौतुकाने बघत होती. पाण्यावरची पांढरी साय तिच्या डोळ्यांसमोर आली. रडणं तिला कधी जमलं नव्हतं, म्हणून ती समुद्रात थुंकली आणि परत आली.

"पुढे बोल," ती बगळ्याला म्हणाली. "दुखणं सांगितलंस, औषध कोण सांगणार?"

"पहिलं औषध सोपं आहे. चौघांना एकाच पंगतीला बसवायचं नाही. एक मोटार सुरू होऊन नीट धावू लागली, की मग दुसरी. पण पास्कूभाऊंचा कॉम्प्रेसर एकटाच एवढा मोठा आहे, की तो एकटाही काटा पाडेल. त्याला सॉफ्ट स्टार्टर हवा (मोटारीला एकदम पूर्ण दाब न देता हळूहळू वाढवत नेणारं यंत्र). दार सताड न उघडता फट फट करत उघडायचं."

पास्कूला बोलावणं गेलं. बर्फ कारखान्याचा हा मालक अंगाने आडवा, स्वभावाने भित्रा, आणि चांगुणाबायसमोर तर निव्वळ शाळकरी पोर.

"आहे ना बाय, सॉफ्ट स्टार्टर आहे," तो म्हणाला. "कारखान्याबरोबरच आला होता. एकदा लावूनही बघितला. मोटार नुसती घुमते म्हशीसारखी, फिरत काही नाही. जळेल म्हणून काढून ठेवला."

"बरोबरच आहे," बगळ्या म्हणाला. "दाब कमी दिला की मोटारीचा जोर त्याहून जास्त कमी होतो. दाब निम्मा केला, तर जोर निम्मा राहत नाही, पावच राहतो. पाव जोरात ती भरलेला कॉम्प्रेसर कशी फिरवणार?"

"भरलेला?" चांगुणाबायने मान वळवली. "पास्कू, सुरू करतोस तेव्हा त्याच्या पोटात काय असतं?"

"आदल्या दिवशीचा दाबलेला वायू. तो तसाच राहतो."

"अरे माझ्या शहाण्या! तुझा बाप होडी वाळूतून काढताना आधी जाळी, बर्फ, माणसं सगळं भरून मग ढकलायचा का? आधी रिकामी पाण्यात घालायची, मग भरायची. तो वायू बाहेर जायला वाट नाही?"

पास्कूने डोकं खाजवलं. "एक झडप आहे खरी. तिची कळ आम्ही टोपी टांगायला वापरतो."

"टोपी दुसरीकडे टांग!"

बगळ्याचे डोळे दुप्पट उजळले. "बाय, अगदी हेच! आधी झडप उघडून पोट रिकामं करायचं. मग हळूहळू दाब वाढवत मोटार फिरवायची. पूर्ण वेग आला की झडप मिटायची, मग ओझं टाकायचं. रिकाम्या यंत्राला पाव जोरही पुरतो."

दुपारभर पास्कू आणि त्याचे गडी स्टार्टर जोडत होते. बगळ्याला पिल्लघरातून हलता येत नव्हतं. तो एकेक पायरी सांगायचा, शलाका निरोप घेऊन धावायची आणि प्रश्न घेऊन परतायची. चांगुणाबाय घरोघर फिरली. "आज घंटा चारदा वाजेल. पहिला टोला पाण्याच्या पंपाचा, दुसरा रहाटाचा, तिसरा बर्फ फोडायचा, चौथा पास्कूचा. दुसऱ्याच्या टोल्यावर कोणी बोट हलवलं तर त्याचं बोट माझं!"

संध्याकाळ झाली. समुद्र जांभळा पडला. पहिला टोला वाजला आणि दूर कुठेतरी पंप गुरगुरू लागला. दिवे थोडे कापले, तेवढंच. चांगुणाबाय थांबली. लोकांची बोटं शिवशिवत होती. इतक्या वर्षांची सवय अशी एका दुपारी कशी जाणार? दुसरा टोला. मग तिसरा. प्रत्येक वेळी दिव्यांची पापणी लवली, मिटली नाही.

चौथ्या टोल्याआधी तिने श्वास धरला. टाकीत उरलेली सगळी पिल्लं या एका टोल्यावर होती. मग तिने घंटा वाजवली आणि साठ वर्षांच्या पायांना कधी नव्हे ती घाई करत पिल्लघराकडे निघाली.

कारखान्यातून एक खोल, लांबलचक सूर उठला. आज तो खेकसला नाही. झोपेतून जागं होणाऱ्या जनावरासारखा हळूहळू चढत गेला. चांगुणाबाय दारात पोचली तेव्हा शलाका काट्याला नाक लावून बसली होती. काटा दोनशे दहापर्यंत घसरला, तिथे रेंगाळला, आणि मग हळूहळू वर आला.

टक् वाजलं नाही. मोत्यांचे सर तुटले नाहीत. हजारो डोळे तसेच तरंगत राहिले.

बगळ्या मान ताठ करून खिडकीबाहेर बघत होता. दिवेलागण त्याने जन्मात पहिल्यांदाच पुरती पाहिली होती. "बाय," तो हळूच म्हणाला, "वाडीचे दिवे पाण्यात उतरलेत. आणि लाटेबरोबर लांब होतायत. हे रोज होतं?"

"रोज," चांगुणाबाय म्हणाली.

"पुढे लाटांवरच वीज बनवू," शलाका टाळ्या पिटत म्हणाली. "इथेच, वाडीच्या पायाशी! मग लांबच्या केबलचं कामच उरणार नाही. नळाचं तोंडच आपल्या दारात. हो ना बगळ्या?"

"हो," बगळ्या म्हणाला. "पण उद्या सकाळी होडी येते आहे, शलाका."

शलाकाचे हात हवेतच राहिले. दोघंही चांगुणाबायकडे बघू लागले. तिने पदर खोचला, बगळ्याच्या पोलादी पायासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐक रे बगळ्या. आळशी तू नव्हतास. तुझ्या तोंडचा घास माझी घंटा पळवत होती, आणि वर बोलणी तूच खात होतास. कोणी काही विचारलं तर सांग, हे चांगुणाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. उद्याच्या होडीतून तू कुठेही जात नाहीस. पिल्लं मोठी झाली की समुद्रात सोडू, तेव्हा पहिलं टोपलं तुझ्या हातून. पण त्या दिवशी जर डुलकी काढलीस ना, तर तो दोष विजेचा नसेल, तुझाच, आणि मग गाठ माझ्याशी आहे!"